‘खाने सियाह अस्त’ : रोगविषयक अनुबोधपटाच्या तंत्राचा विचार

रोगावर अनुबोधपट काढावयास निघालेल्या दिग्दर्शकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा की, रोग दाखवावयाचा म्हणजे नेमके काय दाखवावयाचे? मधुमेहाचे उदाहरण घेतले तर ही अडचण तत्काळ ध्यानात येते. मधुमेह हा पुष्कळ काळपर्यंत डोळ्यांना न दिसणारा रोग आहे. रक्तातील साखर भिंगाला टिपता येत नाही. रस्त्याने चालणारा मधुमेही आणि त्याच्या शेजारचा निरोगी मनुष्य यांत कॅमेऱ्याला भेद करता येत नाही. म्हणूनच या रोगावरील लघुपटांत काही ठराविक चिन्हे पुनःपुन्हा आढळतात : बोटाच्या टोकावर उमटलेला रक्ताचा थेंब, उपकरणावरील आकडा, पोटाला टेकलेली इन्शुलिनची सुई, बाजूला सारलेले मिठाईचे ताट. ही रोगाची चिन्हे झाली, रोग नव्हे. २००८ साली अमेरिकेत ‘अननॅचरल कॉजेस’ या मालिकेतील ‘बॅड शुगर’ हा भाग निघाला. ॲरिझोनातील पिमा व तोहोनो ओओधम या आदिवासी जमातींत बळावलेला मधुमेह हा त्याचा विषय. हिला नदीचे पाणी वरच्या अंगाला वळविले गेले, पिढ्यान्‌पिढ्यांची शेती बुडाली, आणि सरकारी शिध्यातील पांढरे पीठ, साखर व चरबी यांवर दिवस काढण्याची पाळी त्या लोकांवर आली, अशी कारणमीमांसा त्यात आहे. अदृश्य रोगाला दृश्य रूप द्यावयाचे तर शरीर सोडून भूगोलाकडे व इतिहासाकडे वळावे लागते, हे त्या लघुपटाच्या कर्त्यांनी ओळखले होते.

कुष्ठरोगाच्या बाबतीत ही अडचण नेमकी उलटी होते. येथे रोग दिसतो. इतका दिसतो की, त्याच्यापलीकडचा मनुष्य दिसेनासा होतो. मधुमेहाच्या चित्रपटकाराला न दिसणारे दाखवावयाचे असते, कुष्ठरोगाच्या चित्रपटकाराला दिसणाऱ्याच्या पलीकडे प्रेक्षकाची दृष्टी न्यावयाची असते. ही दुसरी अडचण किती बिकट आहे आणि तिच्यातून तंत्राच्या द्वारे मार्ग कसा निघू शकतो, याचे अभ्यासार्ह उदाहरण म्हणून फोरुग फरोखजाद या इराणी कवयित्रीच्या ‘खाने सियाह अस्त’ (घर काळे आहे) या लघुपटाकडे पाहता येईल. हा सुमारे बावीस मिनिटांचा कृष्णधवल अनुबोधपट १९६२ साली तबरीझजवळील बाबा बागी येथील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत अवघ्या बारा दिवसांत चित्रित झाला. कुष्ठरोग्यांना साहाय्य करणाऱ्या एका संस्थेने तो करवून घेतला. निर्माता इब्राहिम गोलेस्तान, छायालेखक सुलेमान मिनासियान. संकलन मात्र स्वतः फोरुगचे. ओबरहाउझेनच्या लघुपट महोत्सवात त्याला पारितोषिक मिळाले. १९६७ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, फोरुगला मोटार अपघातात मृत्यू आला; त्यामुळे तिचा म्हणता येईल असा हा एकच महत्त्वाचा चित्रपट मागे राहिला.

चित्रपटाची उत्पत्ती ध्यानात घेणे येथे आवश्यक आहे. हा मदतीच्या आवाहनाचा चित्रपट होता. अशा चित्रपटाचा साचा ठरलेला असतो : प्रथम विकृत अवयवांचे दर्शन, मग डॉक्टरांची धावपळ, शेवटी एखादे हसरे बालक आणि दात्यांच्या औदार्याविषयी चार शब्द. या साच्यात रोगी हा दयेचा विषय असतो, आणि दयेचा विषय होणे म्हणजे एक प्रकारे प्रदर्शनाची वस्तू होणेच होय. फोरुगने हा साचा मोडला असे सरसकट म्हणणे बरोबर होणार नाही. विकृत अवयव तिच्याही चित्रपटात आहेत, औषधोपचार आहेत, मुलेही आहेत. तिने बदलला आहे तो या घटकांचा परस्परसंबंध. आणि चित्रपटात परस्परसंबंध घडविण्याचे साधन म्हणजे संकलन.

प्राचीन साहित्यशास्त्राच्या परिभाषेत हा प्रश्न मांडून पाहिला तर त्याचे गांभीर्य अधिक स्पष्ट होते. बीभत्स रसाचा स्थायी भाव जुगुप्सा, हे भरताचे प्रतिपादन सर्वपरिचित आहे. बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती होते, असेही नाट्यशास्त्रात सांगितले आहे. कुष्ठरोग्याकडे पाहणाऱ्या सामान्य माणसाच्या मनाचा प्रवास नेमका असाच होतो : आधी किळस, आणि पाठोपाठ भीती. परंतु नाट्यात जुगुप्सेचा रस होऊ शकतो याचे कारण तेथे साधारणीकरण घडते. रंगमंचावरील व्रण हा रंगवलेला असतो. प्रयोग संपताच नट तो पुसून टाकणार आहे याची जाण प्रेक्षकाच्या मनात कोठेतरी असतेच. अनुबोधपटातील रोग्याला चेहरा पुसून टाकता येत नाही. तो अमुक एका गावचा, अमुक एका आईबापांचा, प्रत्यक्ष हयात असलेला मनुष्य असतो. मग येथे साधारणीकरण कसे व्हावयाचे? आणि ते झालेच, तर या प्रत्यक्ष माणसाच्या दुःखाचा आपण आस्वाद घेतला, असा दोष प्रेक्षकाच्या पदरी येत नाही काय? रससिद्धांताला अनुबोधपटाने घातलेले हे कोडे आहे, आणि ‘खाने सियाह अस्त’ची समीक्षा करताना ते टाळता येण्याजोगे नाही.

चित्रपटाचा प्रारंभ काळ्या पडद्यावर होतो. चित्र नाही, केवळ एका पुरुषाचा आवाज. जगात कुरूपता पुष्कळ आहे, माणसाने तिच्याकडे पाठ फिरवली तर ती वाढेल, आणि यापुढे जे दिसणार आहे ते दुःखाचे असे चित्र आहे की ज्याकडे दुर्लक्ष करणे माणसाला शोभणार नाही, अशा आशयाचे ते निवेदन आहे. ही सूचना चित्रावर न देता अंधारावर देण्यात मोठे औचित्य आहे. प्रेक्षकाची किळस जागी होण्यापूर्वीच त्याची विवेकबुद्धी जागी केली जाते. त्यानंतर पहिले चित्र येते ते एका स्त्रीचे. डोक्यावरून वस्त्र घेतलेली ही स्त्री आरशात पाहत आहे, आणि कॅमेरा सावकाश त्या प्रतिबिंबाकडे सरकतो. वसाहतीतील पहिला रोगी आपल्याकडे पाहत नाही, आपणही त्याच्याकडे सरळ पाहत नाही. ती स्वतःकडे पाहते आहे आणि तिचे ते पाहणे आपण पाहतो. एखाद्या सामान्य लघुपटकाराने हाच चेहरा थेट समीपदृश्यात दाखवून प्रेक्षकाला दचकवले असते. आरशाच्या योजनेमुळे तो चेहरा प्रथम तिचा होतो आणि मग आपल्याला दिसतो. कॅमेऱ्याची गतीही येथे अर्थपूर्ण आहे. धक्का देण्यासाठी एकदम जवळ येणे वेगळे आणि दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताना माणूस जसा संकोचाने पुढे सरकतो तसे सरकणे वेगळे.

या चित्रपटाचे सर्वांत चर्चिले गेलेले तंत्र म्हणजे त्यातील दोन आवाज. एक पुरुषाचा, गोलेस्तानचा. तो माहिती सांगतो : रोग जुनाट व सांसर्गिक आहे, आनुवंशिक नाही, गरिबीच्या पाठोपाठ तो येतो, वेळीच उपचार झाले तर बरा होतो. दुसरा आवाज स्त्रीचा, स्वतः फोरुगचा. ती माहिती सांगत नाही. जुन्या करारातील प्रार्थना, कुराण आणि तिची स्वतःची कविता यांतून गुंफलेली ओळीमागून ओळ ती हलक्या, जवळजवळ निर्विकार स्वरात म्हणत जाते. टीकाकारांचा कल बहुधा पहिल्या आवाजाला शास्त्राचा व दुसऱ्याला हृदयाचा आवाज म्हणून त्यांत विरोध पाहण्याकडे असतो. ही मांडणी सोयीची असली तरी पुरेशी नाही. पुरुषाचा आवाज भावनाशून्य नाही. रोग असाध्य नाही हे विधान तो पुनरुक्तीने करतो, आणि त्या पुनरुक्तीत आर्जव आहे. उलट स्त्रीचा आवाज भावनेने थरथरत नाही. शोकपर मजकूर आणि शोकरहित उच्चार अशी त्याची घडण आहे. करुण रसाचा परिपोष म्हणजे रडका सूर, ही आपल्याकडील निवेदकांची समजूत किती भ्रामक आहे हे या आवाजावरून कळून यावे. दोन आवाजांतील खरा भेद आहे तो कोणाशी बोलले जाते यात. पुरुष प्रेक्षकाशी बोलतो. स्त्री प्रेक्षकाशी बोलतच नाही. ती ईश्वराशी बोलते, आणि बहुतेक वेळा रोग्यांच्या बाजूने, प्रथमपुरुषात बोलते. त्यामुळे एक विलक्षण परिणाम साधतो : ज्या प्रेक्षकासाठी हा चित्रपट काढला त्याला अधूनमधून बाजूला सारले जाते. मदतीची याचना ज्याच्याकडे करावयाची, त्याच्यापेक्षा वरच्या दाराशी फिर्याद नेली जाते.

आरशाच्या दृश्यानंतर शाळेचा वर्ग येतो. मुले पाठ्यपुस्तकातील प्रार्थना वाचत आहेत. देवाने आईबाप दिले, काम करण्यासाठी हात दिले, पाहण्यासाठी डोळे दिले, म्हणून त्याचे आभार. वाचणाऱ्यांचे हात व डोळे पडद्यावर दिसत असतात. शब्द आणि चित्र यांतील हा विरोध उघड आहे, क्वचित अति उघड वाटण्याजोगाही आहे. तथापि त्याचे कार्य उपरोधापुरते मर्यादित नाही. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांची जी मांडणी केली, तिचा येथे उपयोग होतो. प्रार्थनेतील ‘हात’ हा शब्द आणि बोटे झडलेला हात यांत विरोध आहे खरा. पण ज्या हाताने ते पुस्तक धरले आहे तो हात काम करीत आहे, हेही त्याच चौकटीत दिसते. विरोधाच्या पोटात एक संवाद दडलेला आहे. पुढे मशिदीतील प्रार्थनेत वर उचललेले हात दिसतात, उपचाराच्या वेळी व्यायाम करविले जाणारे हात दिसतात, केस विंचरणारे हात दिसतात. प्रत्येक वेळी हाताचे प्रयोजन वेगळे. या पुनरावृत्तीतून प्रेक्षकाची दृष्टी हळूहळू शिकत जाते : आरंभी तो हातात काय नाही ते पाहतो, नंतर हात काय करतो ते पाहू लागतो. किळसेकडून भीतीकडे जाणारी वाट या चित्रपटात अडविली जाते ती अशा रीतीने. उपदेशाने नव्हे, सवयीने.

फोरुग चित्रपटाकडे आली ती संकलनाच्या टेबलावरून, ही गोष्ट येथे विसरता कामा नये. गोलेस्तानच्या संस्थेत ती १९५८ पासून काम करीत होती, आणि अहवाजजवळील तेलविहिरीच्या आगीवरील ‘यक आतश’ या लघुपटाचे संकलन तिने केले होते. आग आणि तिच्याशी झुंजणारे लोक, एवढ्याच सामग्रीतून अनेक दिवसांचा काळ पडद्यावर उभा करावयाचा, हा धडा तिने तेथे गिरविला. ‘खाने सियाह अस्त’मधील एका दृश्यात त्याचे फळ दिसते. एक मनुष्य भिंतीच्या कडेने येरझारा घालीत आहे. ध्वनिपटावर स्त्रीचा आवाज वारांची नावे म्हणत जातो : शनिवार, रविवार, सोमवार, आणि शुक्रवारनंतर पुन्हा शनिवार. (इराणात आठवड्याचा आरंभ शनिवारी होतो.) बस, एवढेच. कवितेचा एक शब्द नाही, रोगाविषयी एक वाक्य नाही. कैद म्हणजे काय, हे सांगण्यासाठी जगाने पुष्कळ ग्रंथ लिहिले आहेत. येथे सात वार आणि एक भिंत पुरते. कवयित्रीने कवितेवाचून साधलेली ही कविता आहे, आणि संपूर्ण चित्रपटात तंत्राच्या दृष्टीने हिच्याइतके निर्दोष स्थळ दुसरे नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

औषधोपचाराचा भाग याच्या अगदी विरुद्ध धाटणीचा आहे. त्यात तुकडे लहान आहेत, दृश्ये जवळून घेतलेली आहेत, पुरुषाचा आवाज कोरडा आहे. त्वचा, सुई, पट्ट्या, हत्यारे यांची मालिका भराभर डोळ्यांपुढून जाते. रोग्यांचे चेहरे येथे जवळजवळ नाहीतच. शरीराचे भाग आहेत. हा भाग चित्रपटात उपरा वाटतो अशी तक्रार करता येईल. ती तक्रार फोल आहे. वैद्यकाची दृष्टी ही शरीराचे भाग पाडूनच पाहू शकते, आणि तसे पाहण्यातच तिची उपयुक्तता आहे. फोरुगने वैद्यकाची टवाळी केलेली नाही, त्याला देव्हाऱ्यातही बसविले नाही. त्याची दृष्टी कशी असते ते फक्त संकलनाच्या गतीने दाखविले. चित्रपटाचा उरलेला भाग त्या तुकड्यांची पुन्हा माणसे करण्यात खर्च होतो.

त्या उरलेल्या भागात काय आहे? एक स्त्री डोळ्यांत काजळ घालते. कोणी कोणाचे केस विंचरते. मुले चेंडू खेळतात. लग्नाची धामधूम होते, वाद्ये वाजतात, नवरी नटते. वर नाट्यातील रंगभूषेचा उल्लेख आला आहे. नटाला रंग पुसता येतो, रोग्याला येत नाही, हा भेद खरा. पण या चित्रपटातील रोगी रंग लावतो, ही गोष्ट तितकीच खरी. काजळाची ती रेघ पाहताना प्रेक्षकाच्या मनात जे घडते त्याला करुण म्हणावे की शृंगार, असा प्रश्न पडतो, आणि शास्त्राच्या चौकटीत त्याचे उत्तर सापडत नाही. साधारणीकरणाच्या कोड्याचा उलगडा, पूर्णतः नव्हे तरी काही अंशी, येथे होतो. रोग्याचे दुःख साधारण करून आपल्या आस्वादाचा विषय बनविण्याचा प्रयत्न फोरुग करीत नाही. साधारण होते ते त्याचे सुख : नटणे, खेळणे, जेवणे, गाणे. दुःख मात्र ज्याचे त्याच्यापाशी, विशिष्ट व अहस्तांतरणीय असे राहते. कॅमेरा त्या दुःखाच्या जवळ जातो, त्यात शिरल्याचा आव आणीत नाही.

कुबड्यांवर चालत येणाऱ्या माणसाचे दृश्य या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. झाडांच्या दोन रांगांमधून तो कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. कॅमेरा हलत नाही, बाजूला सरत नाही. मनुष्य जवळ जवळ येत जातो आणि अखेर त्याच्या शरीराने पडदा व्यापला जाऊन अंधार होतो. प्रारंभीचा अंधार हा निवेदकाने केलेला होता. हा अंधार रोग्याने केलेला आहे. पाहणाऱ्याची दृष्टी ज्याच्यावर रोखलेली होती त्यानेच ती मिटविली, असा त्याचा अर्थ कोणी लावला तर तो ओढूनताणून आणलेला म्हणता येणार नाही.

चित्रपटाचे गुण सांगताना त्याच्या एका दुबळ्या जागेकडे काणाडोळा करणे अभ्यासकाला उचित नाही. काव्यमय निवेदन काही स्थळी चित्रावर भार टाकते. ज्यांनी आपले आयुष्य विश्वव्यापी दुःखाचे प्रतीक व्हावे अशी इच्छा केलेली नाही, त्यांच्या चेहऱ्यांवर प्रार्थनेच्या ओळी पसरल्या की त्या चेहऱ्यांचे स्वत्व थोडे पुसट होते. पुढे टीकाकारांनी याच वाटेने बरेच अंतर कापले. काळे घर म्हणजे शाहच्या राजवटीतील इराण, असे रूपक अनेकांनी लावले आहे. रूपक सुसंगत आहे, पण त्याची किंमत कोण मोजतो? रोगाचे रूपक करण्याच्या प्रवृत्तीवर सुझन सोंटॅगने १९७८ साली ‘इलनेस ॲज मेटॅफर’मध्ये जो हल्ला चढविला त्यात क्षय व कर्करोग ही उदाहरणे प्रमुख होती, कुष्ठरोगाइतका रूपकाने ग्रासलेला रोग मात्र दुसरा सापडणे कठीण. हजारो वर्षे तो पापाचे रूपक होता. त्याला आता देशाचे रूपक केले, तर रोग्याच्या वाट्याला पुन्हा तेच आले : तो स्वतःखेरीज दुसऱ्या कशाचा तरी अर्थ वाहणारा हमाल झाला. मराठी वाचकाला हे दूरदेशीचे वाटू नये. आपल्या भाषेने या रोगाला ‘महारोग’ असे नाव दिले. बाबा आमटे यांनी १९४९ साली स्थापन केलेल्या संस्थेचे नावही ‘महारोगी सेवा समिती’ असेच आहे. सेवेलाही प्रचलित शब्दाच्याच दारातून आत जावे लागते. फोरुगने चित्रीकरणानंतर वसाहतीतील एका रोगी दांपत्याच्या मुलाला दत्तक घेऊन वाढविले, ही हकिकत तिच्या बाजूने नेहमी सांगितली जाते. ती तिच्या मनाच्या थोरवीची साक्ष होय. चित्रपटाच्या गुणदोषांच्या निर्णयात ती पुरावा म्हणून दाखल करणे गैर आहे.

या आक्षेपाला उत्तर असेल तर ते चित्रपटाच्या शेवटच्या प्रसंगात आहे. पुन्हा तोच वर्ग. मास्तर एका मुलाला विचारतात, आईबाप दिल्याबद्दल देवाचे आभार का मानावयाचे? मुलगा म्हणतो, मला ठाऊक नाही, मला दोन्ही नाहीत. दुसऱ्याला सुंदर वस्तूंची नावे विचारतात. तो चंद्र, सूर्य, फूल, खेळ अशी नावे घेतो. कुरूप वस्तूंची नावे विचारताच हात, पाय, डोके असे उत्तर येते आणि वर्गात हशा पिकतो. आरंभीच्या प्रार्थनेतील हाताला येथे मुलांनीच उत्तर दिले आहे, आणि तेही हसत. हा प्रसंग जुळवून आणलेला आहे हे त्याच्या रचनेवरून उघड दिसते, आणि अनुबोधपटाच्या सत्यतेविषयी सोवळे बाळगणाऱ्यांना तो खटकेल. पण जुळवणी ही प्रश्नांची आहे. उत्तरे पढविलेली असोत वा नसोत, तो हशा पढविता येण्यासारखा नाही.

मग मास्तर फळ्याजवळच्या मुलाला सांगतात, ‘घर’ हा शब्द घालून एक वाक्य लिही. मुलगा विचारात पडतो. येथे दृश्य बदलते. वसाहतीतील लोकांचा घोळका कॅमेऱ्याकडे चालत येतो आणि त्याच्यापुढे फाटक बंद होते. फाटकावर ‘जोझामखाने’ असे लिहिलेले आहे. पुन्हा वर्ग, मुलगा फळ्यावर लिहितो, ‘खाने सियाह अस्त’. इंग्रजी उपशीर्षकांतून हा चित्रपट पाहणाऱ्याला येथे एक गोष्ट दिसत नाही, जी मराठी वाचकाला अनायासे दिसावी. फाटकावरच्या शब्दातील ‘खाने’ आणि मुलाला दिलेला शब्द ‘खाने’ हे एकच आहेत. दवाखाना, कारखाना, बंदीखाना या शब्दांतून हेच पद फारसीतून आपल्याकडे आले आणि घर हा त्याचा मूळ अर्थ आपण विसरलो. फारसी जाणणाऱ्या प्रेक्षकाला मात्र त्या फाटकावर ‘कुष्ठाचे घर’ असे वाचता येते. म्हणजे मुलाला ‘घर’ या शब्दाचे वाक्य करावयास सांगितले, आणि त्याने क्षणभर थांबून ज्याचा शोध घेतला ते घर संकलनाने आपल्याला दाखविले. त्याला दुसरे घर माहीतच नाही. त्याचे वाक्य हे रूपक नाही, प्रतीक नाही, कवयित्रीने त्याच्या तोंडी घातलेली ओळही ते भासत नाही. शाळेत विचारलेल्या प्रश्नाला दिलेले ते बरोबर उत्तर आहे, व्याकरणदृष्ट्या शुद्ध, वस्तुस्थितीला धरून. ज्याला जग रूपक म्हणते ते त्या मुलाच्या लेखी केवळ वर्णन आहे, हे या जुळणीतून सिद्ध होते. आणि काव्यमय निवेदनाने इतरत्र जे थोडे गमावले होते ते येथे भरून निघते.

दोन आवाजांचा झगडाही याच ठिकाणी मिटतो. पुरुषाचा आवाज सांगत होता की रोग बरा होतो. ते तेव्हाही खरे होते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केल्यानंतर ते अधिकच खरे झाले. पण रोग जाणे आणि घर उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात कुष्ठरोग्यांना वेगळे कोंडण्याची तरतूद असलेला १८९८ चा कायदा संसदेने रद्द केला तो २०१६ साली, म्हणजे त्या शिफारशीनंतर पस्तीस वर्षांनी. आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून व्यक्तिगत कायद्यांतून वगळले गेले ते २०१९ साली. मुलाने ‘मी काळा आहे’ किंवा ‘रोग काळा आहे’ असे लिहिले नाही. त्याने घराविषयी लिहिले. पुरुषाच्या आवाजाला जे ठाऊक नव्हते आणि स्त्रीच्या आवाजाने जे ईश्वराला सांगून पाहिले, ते त्याने तीन शब्दांत मांडले. आणि ‘सियाह’ हा शब्द, ज्याच्यापासून आपल्या भाषेत शाई आली, त्याने काळ्या फळ्यावर पांढऱ्या खडूने लिहिला.